चालत्या गाडीला पार्ट मिळत नाही, ह्याची बातमी कधी होणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या दुचाक्यांबद्दल पेपरात जे येतं ते बहुतेक वेळा आरटीओच्या बाजूनं येतं. १५ वर्षं झाली, रिपासिंग करा, म्हणजे गाडी दाखवून नोंदणी वाढवून घ्या. पर्यावरण कर भरा. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवीन नंबरप्लेट बसवा. रिपासिंगची फी एप्रिल २०२२ पासून ३०० ची १००० झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकीला २००० केली. हे सगळं आम्ही भरतो, तक्रार त्याबद्दल नाहीच, नियम आहे तर आहे. पण फी भरून, इन्स्पेक्टरला गाडी दाखवून, सरकारनं स्वतः अजून ५ वर्षं चालवायची परवानगी दिलेली गाडी एका छोट्या रबरासाठी महिना-महिना दारात उभी राहते ह्याची बातमी कुठंच दिसत नाही. ती व्हावी म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मी कागल तालुक्यातला. साखर कारखान्यात ऑफिसला आहे, घरी थोडा ऊस आणि दोन म्हशी. माझी गाडी १०० सीसीची, २००३ सालची, आणि ती काय हौस म्हणून जपून ठेवलेली नाही, घरात तेवढी एकच गाडी आहे म्हणून आहे. सकाळी डेअरीला दूध, मग पोरीला स्टँडवर सोडायचं, मग ड्यूटी, येताना वैरणीचा भारा मागं बांधायचा, मधनं कधी आईला डोळे दाखवायला न्यायचं, कधी बायकोला बचत गटाच्या कामाला बँकेत. गाडी दोन दिवस बंद पडली की ह्यातलं एकेक काम कुणाच्या तरी गळ्यात पडतं, पोरीची एसटी चुकते, दूध शेजाऱ्याच्या हातात द्यावं लागतं आणि आई म्हणते राहू दे रे माझं, डोळ्याचं काय, पुढच्या महिन्यात जाऊ. घरातलं म्हातारं माणूस आपलं दुखणं पुढं ढकलतं ते असल्या कारणानं, हे लिहितानाही मला वाईट वाटतंय.

आमच्या मेस्त्रींच्या गॅरेजवर रविवारी सकाळी जी माणसं जमतात ती सगळी अशीच. एक डेअरीवाले आहेत, दोन्ही बाजूला कॅन लावून फिरतात. एक शाळेतले शिपाई. एक तात्या आहेत त्यांची येझदी रोडकिंग ही जुनी मोटरसायकल, ती मात्र खरंच हौसेची. आणि दोन-तीन पोरं यामाहाच्या आरएक्स १०० वाली, कोल्हापूर भागात त्या गाडीचं वेड अजून गेलेलं नाही, १९९६ ला बंद झालेली गाडी, ह्या पोरांच्या जन्माच्या आधीची. इंजिन खोललेलं असतं, मेस्त्री रॉकेलात पार्ट धूत असतात आणि बाकीचे बाकड्यावर चहा घेत बसलेले. गप्पा काय, क्लच प्लेटवरनं सुरू होतात आणि कुणाच्या तरी पोरीच्या स्थळावर जातात. उसाचं बिल जमा झालं का, सुनेला कितवा महिना, बारावीनंतर पोराला आयटीआय करावा का डिप्लोमा, आणि मधेच कुणीतरी परत, मेस्त्री तो मिसिंगचा प्रॉब्लेम मिटला का हो. गाडीचं आणि घरचं असं वेगळं काढताच येत नाही, कारण गाडी बंद म्हणजे घरचं काहीतरी अडलेलं असतंच.

ह्या गप्पांतनं दुरुस्त्या कशा होतात त्याचं एक उदाहरण सांगतो, मला ते फार महत्त्वाचं वाटतं. डेअरीवाल्यांची गाडी चार-पाच किलोमीटर मस्त पळायची आणि मग पेट्रोल संपल्यासारखी आचके देऊन बंद पडायची. जरा वेळ थांबलं की परत चालू. प्लग बदलला. कॉइल बदलली, कारण कॉइल गरम झाली की दगा देते असं सगळ्यांचंच मत होतं आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं. कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, खोलून त्याची बारीक भोकं साफ केली, पेट्रोल कॉकची जाळी बघितली, तरी तेच. माणूस टेकीला आला होता, दूध उशिरा पोचलं तर डेअरी घेत नाही, नासलं तर नुकसान घरचं. मग एका रविवारी ते आणि त्यांची मंडळी कुठल्यातरी लग्नाला निघाले होते, गाडी गॅरेजच्या अलीकडंच बंद पडली म्हणून ढकलत आले. वैनी बाकड्यावर बसल्या आणि सहज म्हणाल्या, "ह्यांचं दरवेळी असंच, बंद पडली की टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघत्यात आणि लगेच किक मारली की चालू हुतीया." मेस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "वैनी, परत एकदा सांगा बघू."

झाकणात हवा जायला एक बारीक भोक असतं. टाकीला नवीन रंग मारला होता तेव्हा रंगवाल्यानं झाकणही रंगवलं आणि ते भोक बुजलं. पेट्रोल खाली उतरत जातं तशी आत हवा यायला पाहिजे, ती येत नाही, मग पेट्रोल उतरायचंच थांबतं. झाकण उघडलं की हवा आत, गाडी चालू. मेस्त्रींनी टाचणीनं भोक मोकळं केलं, पैसे घेतले नाहीत, दोघं लग्नाला वेळेत पोचले. आता ही गोष्ट मी ज्याला ज्याला सांगितली त्यातल्या एका पाव्हण्याची गाडी सांगलीत त्याच कारणानं अडलेली निघाली. गॅरेजवरची बैठक म्हणजे वेळ घालवणं असं ज्यांना वाटतं त्यांनी ह्याचा विचार करावा. मेस्त्रींसारख्या माणसाच्या डोक्यात असलं शेकडो गाड्यांचं साठलेलं असतं आणि ते कुठंही लिहिलेलं नाही. मराठीत तर नाहीच.

पण टाचणीनं सुटणारे प्रॉब्लेम कमी. बाकी सगळे पार्टवर येऊन थांबतात.

माझ्याच गाडीचं घ्या. कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधे एक रबराचा जोड असतो. तो चिरला की मधनं हवा खेचली जाते, मग गाडी कधी स्लोवर टिकत नाही तर कधी रेस सोडली तरी गुरगुरत राहते. शोधायची पद्धत साधी आहे, इंजिन चालू ठेवून त्या जोडावर साबणाचं पाणी सोडायचं, आवाज बदलला की चीर तिथंच. मेस्त्रींनी दोन मिनिटांत शोधलं. पार्ट शोधायला मात्र दिवाळी गेली. शोरूमच्या काउंटरवर कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, बंद झालाय, ऑर्डर लागत नाही. म्हटलं ह्याच्या जागी दुसऱ्या कुठल्या मॉडेलचा बसतो का ते तरी सांगा, तर ते सांगता येणार नाही म्हणाले. बाजारात डुप्लिकेट मिळाला, तो एका उन्हाळ्यात कडक होऊन परत चिरला. शेवटी मेस्त्रींच्या पोरानं पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातनं एका भंगारातल्या गाडीचा ओरिजिनल काढून आणला, वापरलेला, पण अजून मऊ होता. तो बसवून गाडी चालतीये. हा मुलगा चाकणला कंपनीत आहे, रोज नव्या गाड्या जोडतो. मेस्त्री म्हणतात, "पोरगं दिवसभर पार्टांच्या ढिगाऱ्यात उभं असतंय, पण बापाला पाहिजे तो पार्ट मंगळवार पेठेत रस्त्यावर हुडकावा लागतोय."

तात्यांच्या येझदीचं त्या मानानं बरं चाललंय आणि ह्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला, म्हणजे कंपनी नावाची गोष्टच राहिली नाही. पण लोकांनी गाडी सोडली नाही. ती इतकी साधी आहे की बघून कळते. एकच सिलिंडर, त्याला दोन सायलेन्सर, आणि गिअरचा दांडा तोच आत दाबून वर फिरवला की किक होतो. ठिणगी पाडणाऱ्या पॉईंटचा गॅप ०.४ मिलिमीटर ठेवायचा हे पाठ असलेली माणसं अजून गावोगाव आहेत. तात्यांच्या त्या किकच्या शाफ्टचं बुश झिजलं तेव्हा ते जुनं बुश खिशात घालून शिवाजी उद्यमनगरात गेले, लेथवाल्यानं व्हर्नियरनं माप घेतलं, पितळेचं नवीन काढून दिलं, संध्याकाळी गाडी तयार. कोल्हापूरच्या उद्यमनगराची कीर्तीच ती आहे, इथली फौंड्री आणि लेथवाली माणसं शेतीच्या इंजिनापासनं मोटारीपर्यंत काहीही उभं करून देतात. तात्यांच्या घरात त्या गाडीवर त्यांचं लग्न ठरलं, त्याच गाडीवर पोरगं शाळेला गेलं आणि आता नातू खंडेनवमीला पान्यांच्या शेजारी तिलाच झेंडूची माळ घालतो. कंपनी बंद पडून तीस वर्षं होत आली तरी गाडी चालू, आणि माझ्या गाडीची कंपनी जोरात चालू असून रबर नाही! धातूचं लेथवर काढता येतं, पण रबराला साचा लागतो, इलेक्ट्रॉनिक डब्याला त्याच्या आतली माहिती लागते, आणि ह्या दोन्ही गोष्टी कंपनीच्याच हातात असतात.

रबराचा विषय निघालाय तर पेट्रोलचंही बोललं पाहिजे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. मी साखर कारखान्यात आहे आणि माझाही ऊस गाळपाला जातो, त्यामुळं इथेनॉलच्या विरोधात मी एक अक्षर बोलणार नाही, ऊसवाल्याला वेळेत पैसे मिळायला त्याची मदत होते हे मी रोज बघतो. पण नीती आयोगाच्या २०२१ च्या रोडमॅपमध्येच म्हटलंय की साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के इथेनॉलला जुळवलेल्या दुचाकीचं मायलेज २० टक्के इथेनॉलवर ३ ते ४ टक्के कमी होऊ शकतं, आणि रबर-प्लास्टिकचे पार्टही त्या पेट्रोलला चालतील असे लागतात. इथेनॉल पाणी ओढून घेतं, पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहिली की आमचे मेस्त्री आधी कार्बोरेटरची वाटी खोलून तळाला पाणी आहे का ते बघतात. मग इंधन बदलायचं सरकारनं ठरवलं, ते देशाच्या भल्याचं असेल, तर जुन्या मॉडेलना त्या इंधनाला टिकणारे पाईप, सील आणि जोड ह्यांचा एक किट कंपन्यांनी काउंटरवर ठेवायला काय हरकत आहे? काहीशे रुपयांचं काम आहे, लोक आनंदानं घेतील. ऊस आमचा, गाडीही आमचीच, दोन्ही चाललं पाहिजे.

नवीन गाड्यांचं तर अजून अवघड होत चाललंय आणि मला खरी काळजी त्याची आहे, कारण माझी गाडी आज ना उद्या थकणारच. १ एप्रिल २०२० पासून धुराचा कडक नियम, बीएस ६, आला, बहुतेक गाड्यांचे कार्बोरेटर गेले, कॉम्प्युटरनं पेट्रोल सोडणारं फ्युएल इंजेक्शन आलं. धूर कमी झाला, चांगलंच झालं, शहरातल्या पोरांची फुफ्फुसं काय वाटेवर पडलेली नाहीत. पण माझ्या भाच्याच्या गाडीचा इंजिनचा दिवा लागला आणि पिकअप गेला तेव्हा मेस्त्रींना काहीच करता येईना. त्यांना कळत नाही असं नाही. त्या गाडीतला बिघाडाचा कोड वाचायचा स्कॅनर पाहिजे, स्वस्तातला घेतला तर त्यात त्या कंपनीचे सगळे कोड निघत नाहीत. शोरूमला नेली तर म्हणाले पेट्रोलचा पंप गेलाय. मेस्त्रींचं म्हणणं होतं की पंपाच्या आतली जाळी चोंदली असणार, ती बदलली तर भागेल, पण जाळी सुटी विकतच नाहीत, टाकीतला अख्खा पंप घ्यायचा. सुई मोडली म्हणून शिलाई मशीन घ्या म्हणण्यातला प्रकार. भाचा फूड डिलिव्हरी करतो, गाडीचा हप्ता चालू, घरात तान्हं बाळ. त्यानं कर्जावर कर्ज काढून पंप टाकला. जुना पंप मेस्त्रींनी मागून घेतला, खोलला, तर जाळी काळी मिट्ट आणि मोटर चांगली फिरत होती.

आता कुणी म्हणेल हे गावाकडचं रडगाणं आहे. तसं नाही. कंपन्यांच्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या कॉम्पिटिशन कमिशननं ऑगस्ट २०१४ मध्येच १४ कार कंपन्यांना मिळून २५४४ कोटींचा दंड ठोठावला होता, कारण हेच, की बाहेरच्या गॅरेजना सुटे पार्ट आणि दुरुस्तीची माहिती-साधनं मोकळेपणानं मिळत नाहीत आणि गिऱ्हाइकाला शोरूमशिवाय पर्याय राहत नाही. म्हणजे सरकारी यंत्रणेला हे दुखणं दहा वर्षांपेक्षा जास्त काळ माहिती आहे. पण ते कारचं झालं. ह्या देशात ज्या घरांत गाडी आहे त्यातल्या बहुतेकांत ती दुचाकीच आहे, तिच्याबद्दल एवढ्या जोरात कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. त्यानंतर केंद्राच्या ग्राहक खात्यानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ ला, ग्राहक दिनी, राईट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाईल, घरातली उपकरणं आणि वाहनं असे चारही विषय धरलेत, हे खरंच कौतुकाचं आहे. पण पोर्टलवर माहिती टाकायची की नाही हे कंपनीच्या मर्जीवर सोडलं तर आमच्या मेस्त्रींपर्यंत त्यातलं काय पोचणार? दुरुस्तीला सोपी वस्तू कुठली ते गिऱ्हाइकाला कळावं म्हणून पुढं इंडेक्सचीही तयारी झाली, पण ती मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक्सपासून. मोबाईल बंद पडला तर माणूस शेजाऱ्याचा घेऊन फोन लावतो, रात्री बाराला बाळंतीण बाईला दवाखान्यात न्यायचं असतं तेव्हा शेजाऱ्याचीही गाडी जुनीच असते.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. एखादं मॉडेल बंद केल्यावर त्याचे पार्ट किती वर्षं मिळाले पाहिजेत ते कायद्यात लिहा, आणि ते वर्ष निदान रिपासिंगच्या मुदतीशी जुळतं असू दे, १५ वर्षं आणि वरची ५. सरकार ज्या गाडीला रस्त्यावर राहायची परवानगी देतं तिचा ब्रेक शू आणि रबर बाजारात असणं ही त्या परवानगीचीच दुसरी बाजू आहे. जो पार्ट कंपनीला बनवायचा नसेल त्याचं माप आणि ड्रॉइंग खुलं करा, उद्यमनगर, भोसरी, नाशिक, संभाजीनगर, बनवायला माणसं बसलेली आहेत आणि त्यांना कामही पाहिजे. स्कॅनरचे कोड बाहेरच्या मेस्त्रींना मिळू देत. आणि आयटीआयमध्ये संध्याकाळचा एखादा कोर्स ठेवा, गॅरेज चालवणाऱ्या चाळीस-पन्नाशीतल्या माणसांसाठी, मराठीतनं, फ्युएल इंजेक्शनचा. आमचे मेस्त्री म्हणतात पहिल्या बाकावर बसेन. शिकायची लाज त्यांना नाही, शिकवणाराच कोणी नाही. त्यांच्या मागं ते गॅरेज कोण चालवणार हा प्रश्न त्यांच्या घरात रोज रात्री जेवताना निघतो, मुलगा चाकण सोडायला तयार नाही आणि त्याचंही चूक नाही, पगार वेळेत होतो. पण कोर्स झाला, पार्ट मिळायला लागले, तर गावात राहूनही धंदा होईल असं तो स्वतःच म्हणाला.

माझी बायको म्हणते, एवढं लिहून काय होणार आहे, अहो त्यापेक्षा हप्त्यानं नवीन घ्या. घेऊही कदाचित, पोरीच्या कॉलेजची फी झाली की. पण जी नवीन घेईन तिचंही दहा वर्षांनी हेच होणार असेल तर आज विचारलेलं बरं.

तुमच्या पेपरात नवीन गाड्यांची पानं भरभरून येतात, मायलेज किती, रंग कुठले, ऑन रोड किंमत किती, मी ती आवडीनं वाचतो. पुढच्या वेळी कंपनीचा माणूस नवीन मॉडेल दाखवायला बोलवेल तेव्हा तुमच्या बातमीदारानं आमच्या वतीनं एवढंच विचारावं, हिचे पार्ट कुठल्या सालापर्यंत मिळणार ते लेखी देता का. आणि जे उत्तर मिळेल ते मायलेजच्या शेजारीच छापावं.

आपला,
एक वर्गणीदार वाचक
ता. कागल, जि. कोल्हापूर